नऊ वाजून दहा मिनिटांची सही

९ जानेवारी

प्रिय खडू,

एकाच शहरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर तू कुजबुजतेस. दोन खोल्यांत सासू, सासरे, नवरा आणि मांडीवर पोर, तू बोलणार तरी काय? आणि माझा अर्धा दिवस स्टीअरिंगवर जातो. पत्र कसं, तुला हवं तेव्हा काढून वाचता येतं.

मावशीने सगळं सांगितलं. ढबी जन्मली तेव्हा पावणेपाच किलोची होती. वजनकाट्यावर ट्रक मोजणारीला पोरगीही ट्रकच झाली असं मीच म्हणालो होतो आणि तू पोटाचे टाके धरून हसली होतीस. आता कळतंय की ते बाळसं नव्हतंच, आजार होता. तिचं स्वादुपिंड गरज नसताना इन्शुलिन सोडत राहतं, रक्तातली साखर तळाला जाते आणि मेंदूला खायला काही उरत नाही, असं मावशी म्हणाली. औषधाने फरक पडत नाही म्हणून तुमचे डॉक्टर जवळजवळ सगळं स्वादुपिंड काढायचं म्हणतात.

थांब. इतक्यात सही करू नकोस.

मी नुसता ड्रायव्हर आहे, पण स्कॅनचं औषध चार वर्षं वाहतोय, त्यामुळे बरंच कानावर पडतं. या आजारात काही मुलांचं सगळं स्वादुपिंड बिघडलेलं असतं आणि काहींच्या त्यात नुसती एक बारीक गाठ असते. गाठ असली तर तेवढीच कापायची, पोर खडखडीत बरी. कोणाला काय आहे ते बाहेरून ओळखता येत नाही. आमचं औषध शिरेत सोडून स्कॅन काढला की गाठ दिव्यासारखी उजळते. मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात याची ट्रायल चालू आहे. स्कॅन सांगतो ते ऑपरेशननंतर खरं निघतं का, हे ते पडताळून बघतात. तिथल्या सिस्टरशी मी बोललोय. ढबीला घेऊन जा.

फक्त हे औषध भलतंच नाशिवंत आहे. दर दोन तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. मी प्रत्येक सिग्नलला शिव्या घालतो त्या उगाच नाही.

तुझा,
लांबदादा


२१ जानेवारी

प्रिय दादा,

आम्ही मोठ्या हॉस्पिटलात आलो. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. ढबीला सतत साखरेचं सलाईन आहे आणि दर तासाला टाचेतून रक्ताचा थेंब काढतात. टाचा चाळणीसारख्या झाल्यात. आता सिस्टर आली की ती आपणहून पाय ओढून घेते. पाच महिन्यांच्या पोरीला एवढंच शिकवलंय जगाने.

ट्रायलचं संमतीपत्र चौदा पानांचं आहे. त्यात ढबीला 'सहभागी' म्हटलंय. ह्यांना हसू आलं, मला नाही आलं. कागद घेऊन एक बाई येते, तिला सगळे कोऑर्डिनेटर म्हणतात. फार गोड बोलते. ट्रायलचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, ते एकदाच आले. पोरीकडे बघायच्या आधी त्यांनी फाईलकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, बावीस झाले." आपली ढबी बावीस नंबर.

पण मी सही केली. तू म्हणालास म्हणून केली. स्कॅन दोन फेब्रुवारीला सकाळी. तुझ्याच गाडीतून तिचं औषध येणार हे ऐकल्यापासून मला जरा झोप लागायला लागलीय. परक्याच्या हातातून येण्यापेक्षा बरं.

खडू


६ फेब्रुवारी

प्रिय खडू,

औषध पोचवलं. वर येऊन भेटलो नाही, कारण खाली गाडी लावायला जागा नव्हती. रागावू नकोस.

मोठे डॉक्टर आहेत, ते बघतील सगळं. तू जेवत जा.

दादा


७ मार्च

प्रिय दादा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यानंतर इतकं झालंय की कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

त्या दिवशी साडेआठला पोरीला आत नेली आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. दोन वाजता परत दिली. पाच-साडेपाच तास आत काय करतात, असं विचारलं तर "प्रोसीजर असते" म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, गाठबीठ नाही, सगळंच स्वादुपिंड बिघडलेलं आहे, स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतंय. बारा तारखेला ऑपरेशन झालं. शंभरातले पंच्याण्णव भाग काढले. मी देवाचे आभार मानले की निदान आता साखर तळाला जाणार नाही.

मग काढलेल्या भागाचा लॅबचा रिपोर्ट आला. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. एक शिकाऊ डॉक्टरीण आहे, तिला माझी दया आली असावी. जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढी गाठ होती. बाकीचं सगळं निरोगी होतं."

निरोगी, दादा! मसुरीएवढ्या गाठीपायी माझ्या पोरीचं धडधाकट स्वादुपिंड कापून बरणीत टाकलं. आता तिची साखर चारशेवर जाते. महिन्यापूर्वी इन्शुलिन जास्त म्हणून रडत होतो, आता तेच इन्शुलिन दिवसातून चार वेळा टोचतोय. जन्मभर टोचायचं आहे.

मी साहेबांच्या खोलीत गेले. ते बेसिनवर हात धूत होते. मागे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "दुर्दैव. शंभर टक्के अचूक असं काहीच नसतं, बाई." आणि हात पुसलेला कागद पायाने पेडल दाबून डब्यात टाकला. मला अशी शिसारी आली की त्या खोलीतला साबणाचा वास अजून नाकातून जात नाही. घरातला तसल्या वासाचा साबण मी फेकून दिला.

असो. तू तरी वेळेवर आणून दिलंस. त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट धड झाली.

लिही रे. तुझं पत्र आलं की बरं वाटतं.

खडू


११ मे

दादा,

माझ्या पत्राला दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. मधे एक कार्ड टाकलं, त्याचंही उत्तर नाही. मावशी म्हणते तू तिच्याकडेही जात नाहीस. आज मी विचारतेय त्याचं उत्तर मात्र दे.

मागच्या महिन्यात ढबीला दाखवायला गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर मोठा रंगीत फलक लावलेला होता. ट्रायलचा निकाल. 'एकवीसपैकी एकवीस निदानं अचूक.' कोपऱ्यात फुगा धरलेलं कोणाचंतरी हसरं बाळ. मी तिथेच उभी राहिले. कोऑर्डिनेटरला गाठलं.

"आमची बावीस नंबर होती ना?"

"हो, पण ताई, तिचा स्कॅन निकालात धरलेला नाही. हालचालीमुळे चित्र बिघडलं होतं. ती हलली."

"भूल दिलेली पोर हलली?"

"मुलं हलतात हो," ती म्हणाली, आणि ढबीच्या गालाचा चिमटा घेतला. मी तिचा हात झटकून टाकला.

फेब्रुवारीत स्पष्ट दिसत होतं म्हणून पोट फाडलं, आणि एप्रिलमध्ये तेच चित्र बिघडलेलं निघालं! सगळा दोष कोणाचा, तर सहा महिन्यांच्या पोरीचा, ती हलली. सांगायला तिला तोंड नाही म्हणून. मला वाटलं त्या फलकावर थुंकावं. थुंकले नाही, कारण पुसायला सफाईवाली मावशीच आली असती.

मी फाईलची नक्कल मागितली. चार खेटे घालायला लावले. परवा मिळाली. त्यात सिस्टरच्या तक्त्यात लिहिलंय, औषध शिरेत सोडलं बारा वाजून पंचवीस मिनिटांनी. आणि औषध पोचल्याच्या चिठ्ठीवर वेळ आहे नऊ वाजून दहा. मधले सव्वातीन तास ते औषध काय करत होतं? दर दोन तासांनी जोर निम्मा होतो, मग गाठ उजळणार कशाने? हे मला तूच लिहिलं होतंस. ते पत्र मी काढून पुन्हा वाचलं.

मी नऊ वर्षं काट्यावर बसते. खोटी वेळ कशी दिसते ते मला माहीत आहे. बाकीची चिठ्ठी घाईत खरडलेली असते आणि वेळ तेवढी सुवाच्य असते. या चिठ्ठीवर नऊ-दहा अगदी मोत्यासारखं आहे.

त्याखाली तुझी सही आहे. काय झालं त्या दिवशी?

खडू


१९ मे

खडू,

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं.

मी बारा वाजून पाच मिनिटांनी पोचलो.

पेटी भरून साडेआठला निघालो. तुमचं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. पण गेटवर सुपरवायझर म्हणाला, आधी खाडीपलीकडच्या सेंटरची पेटी टाक, ते बोंबलतायत. नियमाने लहान मुलांची पेटी आधी जायला हवी. मी म्हणालो, "यात माझी भाची आहे." तो म्हणाला, "असेल. वळसा अर्ध्या तासाचा आहे." मी ऐकलं. पलीकडे पेटी टाकली आणि परत येताना पुलावर टँकर आडवा झाला. अडीच तास मी त्या पुलावर होतो. मागच्या पेटीतलं औषध मरत होतं आणि मी हॉर्न वाजवत होतो.

पोचलो तेव्हा स्कॅन खात्यातल्या ताईंनी औषधाचा जोर मोजायचा मीटर लावला. त्या पेट्या तपासून घेतात, मला ओळखतात. म्हणाल्या, "पावच उरलंय हो. नियमाप्रमाणे परत न्यायला हवं. पुढच्या आठवड्यात करू." मग त्यांनी साहेबांना फोन लावला. आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "मूल उपाशी ठेवलंय, भूलवाले थांबलेत, या महिन्यात बावीस पुरे करायचेत. आहे त्यात करा." इतक्या उशिराचं औषध ट्रायलमध्ये चालत नाही, म्हणून चिठ्ठीवर नेहमीची वेळ हवी होती. साहेबांनी तिकडे कळवलं असणार, लगेच आमच्या सुपरवायझरचा मला फोन आला, "नऊ-दहा टाक आणि मोकळा हो."

मी टाकलं. मला वाटलं, परत नेलं तर ढबीचा नंबर जाईल, तिच्या भल्यासाठीच...

नाही. हेही खोटं लिहितोय. त्या क्षणी ढबी माझ्या डोक्यातही नव्हती. मला नोकरीची भीती वाटली. एवढंच.

तू वर बाकावर बसली होतीस हे मला माहीत होतं. मी खालूनच पळालो. गाडी लावायला भरपूर जागा होती.

दादा


२४ मे

तुझं पत्र वाचून मी मोरीत जाऊन ओकले. सासूबाईंना वाटलं काही बाधलं.

साहेबांची किळस येते ती वेगळी. तो माणूस माझा कोणी नाही. तू मात्र माझ्या बाळंतपणात डबे आणलेस. तुझ्या शब्दावर मी त्या चौदा पानांवर सही केली. मार्चमध्ये मी तुला लिहिलं की तू तरी वेळेवर आणलंस. ते वाचलंस आणि गप्प बसलास. औषध उशिरा आलं याला टँकर कारण असेल. पण त्यानंतर दहा दिवस ऑपरेशन व्हायचं होतं. दहा दिवस, दादा. एक फोन केला असतास की स्कॅनवर विश्वास ठेवू नकोस, पुन्हा काढायला सांग, तर आज पोरीच्या पोटात तिचं स्वादुपिंड असतं. त्या दहा दिवसांत तू काय करत होतास? जेवत होतास, झोपत होतास, गाडी धूत होतास.

माफी मागायला येऊ नकोस. नुसता दारात उभा राहिलास तरी मला घर घासावंसं वाटेल.

ट्रायलवर नजर ठेवणारी हॉस्पिटलची एथिक्स कमिटी असते, संमतीपत्राच्या तेराव्या पानावर पत्ता आहे. तिला लिहून दे. मला लिहिलंस तेच लिही, पण रडगाणं नको. वेळ लिही, नाव लिही, कोण काय म्हणालं ते लिही, आणि खाली सही कर. ही सही तरी खऱ्या वेळेची कर.


३ जुलै

खडू,

लिहून दिलं. त्यांनी बोलावलं, परवा सुनावणी झाली. तुला नक्कल येईलच, पण जे कागदावर येणार नाही ते सांगतो.

लांब टेबल, सात माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मला बाटली नव्हती. साहेब शांतपणे बसले होते. म्हणाले, "ड्रायव्हरला काय आठवणार? रोज दहा पेट्या पोचवतो."

मी म्हणालो, "त्या दिवशी त्यातली एक माझ्या भाचीची होती."

"मुलीने हालचाल केली, तशी नोंद आहे."

"साहेब, ती नोंद एप्रिलची आहे. स्कॅन फेब्रुवारीचा," कमिटीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. वकील असाव्यात. कागद उलटायच्या आधी बोटाला थुंकी लावत होत्या. "लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ही मुलगी हलली नव्हती. रिपोर्ट विरुद्ध आल्यावर हलली."

मग त्यांनी मीटरवाल्या ताईंना विचारलं. त्या टेबलाकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली. मशीनच्या रजिस्टरमध्ये जे लिहायला लावतात ते वेगळं आणि मीटरवर खरं दिसतं ते वेगळं, म्हणून त्या आपलं आपलं टिपून ठेवत. दोन फेब्रुवारी, बारा वाजून दहा, आणि पुढे आकडा. म्हणाल्या, "मला पाच महिने जेवण जात नाही." साहेब त्यांना तिथेच म्हणाले, "तुम्ही माझ्या खात्यात आहात हे विसरताय." त्यावर ताई म्हणाल्या, "तेच तर विसरता येत नाही."

निकाल असा. ट्रायल थांबवली. फलक काढला. ढबीला पुन्हा मोजलं, आता बावीसपैकी एकवीस. बाकीच्या एकवीस मुलांचे कागदही तपासणार आहेत. ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आलेली पेटी दारातून परत जाणार. साहेबांना ट्रायलवरून काढलं, हॉस्पिटलातून नाही. काल त्यांची गाडी त्यांच्या जागेवर उभी होती.

आणि मला पत्र आलंय, 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार.' ते वाचून मला माझीच इतकी घाण वाटली की खिशातसुद्धा ठेवता येईना.

कंपनीने मला गाडीवरून उतरवलं. आता गोदामात खोकी रचतो, दुपारी बारापासून. गोदाम तुमच्याच बाजूला आहे. तुझ्या गल्लीवरून जातो, पण मान वर करत नाही.

मी काही मागत नाही.

दादा


१२ जुलै

दादा,

पत्र मिळालं. कमिटीचंही मिळालं. त्यात ढबीला 'प्रकरण क्रमांक बावीस' म्हटलंय. सहभागीची आता प्रकरण झाली. खेद व्यक्त केलाय. ह्यांनी तो कागद फाईलला लावला. मी एकदाच वाचला आणि हात धुतले.

त्या डायरीवाल्या ताईंना मी भेटून आले. दोघींनी चहा घेतला.

तुला माफ केलेलं नाही. कधी करीन का ते मला माहीत नाही, आणि विचारूही नकोस. तुझं मे महिन्याचं पत्र अजून हाताळवत नाही.

पण कामाचं लिहिते. ढबी आता बसते. उशिरा बसली, पण बसली. हातात येईल ते तोंडात घालते आणि साखर चढली की चावते. काल माझ्या दंडाला चावली, दोन दातांचे वळ आहेत. दिवसाला चार सुया. मी टोचते, हे टोचतात. सासूबाईंचा हात थरथरतो, सासऱ्यांना दिसत नाही. एक ऑगस्टपासून मला पुन्हा काट्यावर जायचंय, सकाळची पाळी. हे आठला निघतात. साडेआठच्या सुईला घरात टोचणारं कोणी नाही.

तू बारापर्यंत मोकळा असतोस.

तेव्हा सोमवारपासून सकाळी यायचं. पहिले आठ दिवस मी दाखवीन. आधी थेंब काढून साखर बघायची, मग मांडीची चिमूट धरायची, सुई सरळ घालायची आणि दहा आकडे मोजून बाहेर काढायची. मग तू टोचशील आणि मी बघीन. ती रडेल. तुझ्या तोंडाकडे बघून रडेल, कारण टोचणाऱ्याकडेच बघते ती. ते रोज बघायचं. डोळे पुसायचे असले तर गोदामात जाऊन पुसायचे, माझ्या घरात नाही. माझ्याशी बोलायची गरज नाही. खाऊ आणायचा नाही.

चपला बाहेर काढ, हात साबणाने कोपरापर्यंत धू, आणि आल्या आल्या सुई काढू नकोस. आधी तिच्याजवळ जमिनीवर बस, थोडा खेळ. तू तिला पाहिलंस ते बाळंतपणातच, तिला तू आठवणार नाहीस. अनोळखी माणसाला ती पाय धरू देत नाही.

खडू